ताईचं पुसलेलं पुस्तक

चष्म्यांच्या दुकानात शिरलं की समोर काचेची कपाटं, उजवीकडे उभा आरसा आणि डोळे तपासायच्या खुर्चीमागे एक जाड निळा पडदा. पडद्याच्या अलीकडे नवऱ्याचं राज्य, पलीकडे बायकोचं. नवरा लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो. बायको तिकडे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती कंप्युटरांच्या हार्ड डिस्क जाग्या करत बसलेली असते. हार्ड डिस्क हा शब्द ती गिऱ्हाइकांपुरता वापरते, एरवी तिच्या तोंडी ‘चकती’. म्हणून लोकांनी तिचं नाव चकतीबाई पाडलं. घरात मात्र साठीला टेकली तरी ती धाकटीच, कारण तिच्याहून मोठी एक ताई आणि एक दादा अजून ठणठणीत आहेत आणि त्यांनी तिला मोठं होऊ दिलेलं नाही.

गिऱ्हाइकं येतात ती दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या नातेवाइकांसारखी, चेहरे पाडून. कुणाची पत्रं अडकलेली असतात, कुणाचा प्रबंध, कुणाचा नुसताच एक जुना खेळ, ज्यात तो लहानपणी एकदा पहिला आला होता. धाकटी आधी ऐकून घेत नाही, आधी झापते.

“किती वर्षांनी चालू केलात?”

“असतील वीस.”

“आणि चालू झाला नाही म्हटल्यावर काय केलंत?”

“परत परत बटण दाबून पाहिलं.”

“वीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुणी ‘ऊठ, पळ’ म्हणून ढोसत राहिलं, तर त्याचं काय होईल?”

गिऱ्हाईक ओशाळतं. मग ती चकतीचा तो पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी असा काही उचलते की बोलणी खाल्ल्याचं वाईट वाटेनासं होतं. डबा कधी उघडायचा नाही, उगाच चालू-बंद करायचा नाही, आणि एकदा का चकती वाचू लागली की आधी तिची शब्दन् शब्द नक्कल काढून घ्यायची आणि पुढचे सगळे उद्योग त्या नकलेवर करायचे. हे तिचे नियम. ते मोडणाऱ्याला ती पडद्यामागे पाऊल ठेवू देत नाही, मग तो मोठा इंजिनियर का असेना.

एवढी विद्या तिने कुठून मिळवली? कॉलेजातून नाही. निव्वळ अपराधीपणातून मिळवली.

पस्तीस वर्षांपूर्वी ताई शाळेत गणित शिकवायची. कडक म्हणजे किती, तर वर्गात खडू खाली पडला तर पोरं तो उचलायलाही परवानगी मागत. तिने घरात पहिला कंप्युटर आणला. त्यात वीस मेगाबाइटची चकती होती, आजच्या फोनमधल्या चार-पाच फोटोंत भरून जाईल एवढी, पण तेव्हा शेजारीपाजारी ती बघायला येत. रोज संध्याकाळी ताई खोलीचं दार लावून घ्यायची आणि आतून टकटक ऐकू यायची. काय करतेस विचारलं तर म्हणायची, “पुस्तक लिहितेय.” गणिताच्या बाई पुस्तक लिहितात म्हटल्यावर ते गणिताचंच असणार. आई शेजारणींना सांगत सुटली. दादाने तर ते पुस्तक मनातल्या मनात सगळ्या शाळांना लावूनही टाकलं.

धाकटीचं तेव्हा लग्न ठरलं होतं. लग्नाआधीच्या महिन्यात मुली काय काय करतात, हिला त्या कंप्युटरवरच्या एका खेळाचं खूळ लागलं. खेळ मोठा, चकती भरलेली. एका दुपारी ताई शाळेत असताना हिने साफसफाई काढली आणि ओळखीच्या न वाटणाऱ्या दहा-बारा फायली पुसून टाकल्या. खेळ छान बसला. मग लग्न झालं, ती परगावी सासरी गेली आणि दोन महिने माहेरी फिरकली नाही. लग्नानंतर महिनाभराने दादाच तिच्या दारात येऊन उभा राहिला.

“ताईचं पुस्तक गेलं. अख्खं. तू काही पुसलं होतंस?”

खोटं बोलायचा तिचा पिंड नव्हता. “हो,” ती म्हणाली. “ताई काय म्हणते?”

“काहीच बोलत नाही बिचारी.”

ते काहीच न बोलणं धाकटीला जन्मभर पुरलं. दादा मात्र भरपूर बोलला. त्याने तिचं नाव ‘खोडरबर’ ठेवलं आणि चार माणसं जमली की तो किस्सा मीठमसाला लावून सांगायचा. सगळे हसायचे, तीही हसायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळायची.

पुसलेलं परत येतं का, एवढा एकच प्रश्न घेऊन ती कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेली आणि पाच वर्षं जात राहिली. तिथे तिला कळलं की पुसलेलं खरं तर पुसलेलं नसतंच. चकतीच्या सुरुवातीला एक यादी असते. फायलीचं नाव, तारीख, आकार आणि पहिला तुकडा कुठे ठेवलाय तो पत्ता. शेजारी आणखी एक तक्ता असतो, कुठल्या तुकड्यानंतर कुठला तुकडा ते सांगणारा. आपण फाइल पुसतो तेव्हा कंप्युटर यादीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडतो आणि तक्त्यात त्या जागा रिकाम्या म्हणून लिहितो. मजकूर जागच्या जागी राहतो. वाचनालयातलं कार्ड फाडलं तरी पुस्तक फळीवर असतंच, तसं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, तरच ते कायमचं जातं.

हे कळलं त्या दिवशी ती धावत ताईकडे गेली. “ताई, कंप्युटर दे. मी काढून देते तुझं पुस्तक!”

ताईचा चेहरा कसनुसा झाला. “जाऊ दे गं धाकटे. झालं ते झालं,” ती म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने कंप्युटर खोक्यात घालून माळ्यावर टाकला. काय मोठं मन, असं सगळे म्हणाले. धाकटी घरी येऊन ढसाढसा रडली. पुढे तिने जगाच्या चकत्या वाचवल्या, फक्त ताईची तेवढी राहिली.

यंदा ताईला सत्तरावं वर्ष लागायचं होतं. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेचा हॉल घेतला होता. दादाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, ताई आठ दिवस मैत्रिणीकडे गेलेली असताना, झाडांना पाणी घालायला म्हणून दिलेल्या किल्लीने त्याने घर उघडलं, माळ्यावरचं खोकं उतरवलं आणि थेट धाकटीच्या टेबलावर आणून ठेवलं.

“दहा दिवस आहेत. पुस्तक काढ. छापून हॉलमध्ये वाटू. मी दोन पानं वाचूनही दाखवतो.”

“ताईला न विचारता?”

“विचारलं तर ती ‘जाऊ दे’ म्हणणार. आणि तुझंही पाप फिटेल, खोडरबर.”

पाप फिटेल म्हटल्यावर धाकटी विरघळली. पस्तीस वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती. तिने हात धुऊन, पुसून मगच डब्याला बोट लावलं.

पहिल्या दिवशी चकती फिरलीच नाही. हे अपेक्षितच होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चकतीला तिची वाचणारी टोकं चिकटून बसतात. अंडं उकडलेलं आहे की कच्चं हे बघायला आपण ते टेबलावर गरकन फिरवतो, तसा तिने तो डबा आडवा धरून मनगटाने झटकन फिरवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग वीज दिली आणि आतून विमान उडताना होतो तसा बारीक चढता आवाज आला. पडद्यापलीकडून नवऱ्याने विचारलं, “उठली का?”

“उठली!”

उठली खरी, पण वाचेना. कंप्युटरच्या पडद्यावर चुकांशिवाय काही नाही. धाकटीने वायरी बदलल्या, चकती जोडायचं कार्ड बदललं, दुसऱ्या कंप्युटरला जोडून पाहिलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. दादा सकाळ-संध्याकाळ फोन करून ‘कितवं पान’ विचारत होता. चौथ्या दिवशी तिने हात टेकले. जगात इतक्या चकत्या, आणि जी यायला हवी तीच येत नाही म्हणजे आपल्या कर्माचीच शिक्षा, असं म्हणून ती तोंड पाडून बसली.

तेवढ्यात पलीकडे नवरा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, “तुम्ही डाव्या कुशीवर झोपून वाचता ना? बघा, चष्म्याची डावी काडी कशी सरकलीय. बसून वाचणाऱ्याला ह्यातून धड दिसायचं नाही.”

धाकटी ताडकन उठली. “अहो! कुशीवर!”

“मी?” नवरा म्हणाला.

“तुम्ही नाही हो, कंप्युटर!”

ताईच्या खोलीत टेबलावर कायम वह्यांचे गठ्ठे असत. कंप्युटर ठेवायला जागाच नव्हती. म्हणून तो कपाट आणि भिंत यांच्या फटीत कुशीवर उभा केलेला असे, पुस्तक उभं ठेवतात तसा. चकती बसवायला आलेल्या माणसाने त्याच अवस्थेत तिच्यावर रेघा आखल्या होत्या. कोरी चकती म्हणजे मोकळं मैदान, तिच्यावर आधी रेघा आखाव्या लागतात आणि मग मजकूर त्या रेघांवरून चालतो. त्या काळच्या चकत्यांना आपण रेघेवर आहोत की नाही हे तपासता यायचं नाही. कुशीवर आखलेली रेघ आडव्या डब्यात वाचायला गेलं की टोक केसभर चुकीच्या जागी उतरणार. ही गोष्ट धाकटी इतर सगळ्यांना घसा फोडून सांगायची आणि माहेरचा डबा आला तेव्हा नेमकी विसरली.

तिने डबा चष्म्यांच्या खोक्यांच्या आधाराने कुशीवर उभा केला. धातू तापून नेहमीच्या मापाला यावा म्हणून अर्धा तास नुसता फिरत ठेवला. त्या अर्ध्या तासात तिने तीन कप चहा केला आणि एकही प्यायली नाही. मग कळ दाबली. टिक, टिक, टिक, टिक, एकेक पाऊल टाकत टोक पुढे सरकू लागलं आणि पडद्यावर चुकांऐवजी नावं उमटली.

नवऱ्याने गिऱ्हाईक सोडून आत येऊन तिला गोल फिरवलं. गिऱ्हाईकही तपासणीचा जड चष्मा घालून पडद्यातून डोकावलं आणि काय चाललंय ते न कळता टाळ्या वाजवू लागलं.

नक्कल काढून झाली. धाकटीने यादी उघडली. पुसलेल्या फायलींत एक सगळ्यांत मोठी होती. नावाचं पहिलं अक्षर उडालेलं, पण उरलेल्यावरून ‘गणित’ हे कळायला काही अवघड नव्हतं. धाकटीची नजर पुढे तारखेवर गेली आणि तिथेच अडकली.

त्या कंप्युटरला स्वतःचं घड्याळ नव्हतं. चालू केला की तो आधी तारीख विचारायचा. धाकटी नुसती कळ दाबून पुढे जायची, त्यामुळे तिच्या फायलींवर एकाच जुन्या वर्षाचा एक जानेवारी. तारीख टाकायची ती एकटी ताई, फळ्यावर टाकते तशी, न चुकता. आणि ‘गणित’वर जी तारीख होती, ती धाकटीच्या लग्नानंतरची होती. बरोबर तेवीस दिवसांनंतरची.

तिने बोटांवर मोजलं. नवऱ्याला मोजायला लावलं. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, त्याच्या मागची तारीखही काढून पाहिली.

“म्हणजे तू गेल्यावरही ताई त्यात लिहीत होत्या,” नवरा सावकाश म्हणाला. “तू पुसलंच नाहीस.”

“मग कोणी पुसलं?” धाकटी म्हणाली, पण तिला ते विचारतानाच कळलं होतं. आई त्या यंत्रावरची धूळ पुसायलाही घाबरायची. दादाला ते चालू करता येत नव्हतं. उरली एकटी ताई.

धाकटीला राग आला. असा राग की तो ठेवायला तिला जागा मिळेना. ती दुकानाच्या मागच्या गल्लीतून दोनदा चक्कर मारून आली आणि मग बसली तुकडे जुळवायला. तक्ता पुसला गेलेला, त्यामुळे कुठल्या तुकड्यामागे कुठला हे वाचूनच ठरवायचं होतं. तिने पहिला तुकडा उघडला. आकडेमोड शोधू लागली. तिथे लिहिलं होतं:

‘कप्तानाने तिच्याकडे साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनातून पाहिलं. तिचं हृदय दुपटीने नव्हे, चौपटीने धडधडू लागलं.’

धाकटीने चष्मा पुसला आणि परत वाचलं.

गणित कुठेच नव्हतं. होती एक पोस्टातली तरुणी आणि एक बोटीवरचा कप्तान. दोघांची दर बंदरागणिक चुकामूक होत होती. ताई! खडू उचलायला परवानगी मागायला लावणारी ताई! ‘त्यांच्यातलं अंतर एकसारख्या वेगाने कमी होत होतं,’ हे वाचून धाकटी इतकी हसली की नवरा धावत आला. मग दोघं मिळून वाचू लागले. अर्धं वाक्य एका तुकड्यात, उरलेलं अर्धं भलतीकडे, पण गोष्ट अशी ओढत नेत होती की दोन दिवसांत अठरा प्रकरणं जुळली. राग होता तिथेच होता, पण कप्तानाचं काय होतं ते कळल्याशिवाय रागावणंही जमेना.

आणि नेमकं एकोणिसावं प्रकरण आलं. ‘बोट धक्क्याला लागली. ती गर्दीतून पुढे झाली. कप्तान फळीवरून उतरला आणि त्याने—’ पुढच्या तुकड्यात होतं, ‘सातवी ब. हजर बेचाळीस. अनुत्तीर्ण तीन.’ पुसल्यावर ताईने त्याच जागेवर निकाल लिहिले होते. तो शेवट जगातल्या कुठल्याच मेकॅनिकला परत आणता येणार नव्हता.

ताई परत आली त्या दिवशी दुपारी धाकटी छापलेला गठ्ठा घेऊन तिच्याकडे गेली आणि तो तिच्या मांडीवर ठेवला. ताईने पहिलं पान पाहिलं. सत्तरीच्या बाईचे कान लाल होतात हे धाकटीला त्या दिवशी कळलं.

“दादाने वाचलं?” हा तिचा पहिला प्रश्न.

“नाही. तुझ्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर वाचायचं म्हणतोय. गणिताचं पुस्तक म्हणून.”

ताईने डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाली, “हेडमास्तरांनी सांगितलं होतं, सोमवारी हस्तलिखित दाखवा. रविवारी मी पुसलं. बुधवारी दादा म्हणाला, धाकटीने पुसलं असणार. मी गप्प बसले.”

“पस्तीस वर्षं?”

“पहिल्या दिवशी गप्प बसले गं. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं तर काल का गप्प बसलीस तेही सांगावं लागलं असतं. मग ते रोज वाढतच गेलं. पुढे तुझं नाव झालं, दुकान झालं. वाटलं, आता सांगितलं तर तू म्हणशील, मग मी हे सगळं शिकले ते कशापायी?”

“मला फार राग आलाय, ताई.”

“यायलाच हवा.”

“दादा हसायचा तेव्हा तू पण हसायचीस.”

ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती धाकटीचा हात धरायला पुढे झाली आणि मध्येच थांबली, जणू त्यालाही परवानगी लागते. धाकटीनेच तो हात ओढून घेतला. दोघी नाकं ओढत बसल्या.

“हे आता पुन्हा पूस,” ताई म्हणाली.

“पुसत नसते! आणि आधी मला सांग, फळीवरून उतरल्यावर त्याने काय केलं?”

“कोणी?”

“कप्तानाने, आणखी कोणी! तिथे सातवी ‘ब’ येऊन बसलीय.”

ताईने पदराने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर धाकटीने कधीच न पाहिलेलं, जरा चोरटं हसू आलं. “कागद दे,” ती म्हणाली.

वाढदिवसाला हॉल गच्च भरला होता. टक्कल पडलेले, केस पिकलेले विद्यार्थी ताई आत येताच खाडकन उभे राहिले. दादा घसा साफ करून मंचाकडे निघाला, तर ताईने त्याला हाताने बसवलं आणि स्वतः माइकपाशी गेली.

“गणिताचं पुस्तक कधी नव्हतंच,” ती वर्गातल्याच आवाजात म्हणाली. “मी प्रेमकथा लिहीत होते. लाज वाटली म्हणून मीच पुसली आणि आळ माझ्या धाकट्या बहिणीवर येऊ दिला. तिने माझं पुस्तक पुसलं नव्हतं. उलट आज जे माझ्या हातात आहे ते तिने परत आणलंय. धाकटे, उभी राहा.”

धाकटी उभी राहिली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “बाई, वाचा ना!” आणि सगळा हॉल तेच ओरडू लागला. ताईने चष्मा लावला आणि पहिल्या प्रकरणापासून, प्रमेय शिकवावं तशा ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. पंचेचाळीस अंशांना तर लोक खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. मग तिने मधली प्रकरणं थोडक्यात सांगितली आणि शेवटी हाताने लिहिलेले चार कागद काढले.

दादा वाकून धाकटीच्या शेजारी येऊन बसला. त्याचा चेहरा पार पडला होता. “धाकटे,” तो कुजबुजला, “इतकी वर्षं मी तुला सगळ्यांसमोर… माझं चुकलं गं. मला माफ—”

“श्शू!” धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते, हसू मावत नव्हतं आणि तिने दादाचा हात घट्ट धरून ठेवला होता. “ते मग सांग. आधी गप्प बस. बोट लागतेय.”